कोकणातल्या ऑफिससाठी स्टॅक होणारे स्विच कसे निवडावेत

रत्नागिरी, चिपळूण किंवा कुडाळला ऑफिसचा नेटवर्क स्विच (सगळी यंत्रं केबलने एकमेकांना जोडणारी पेटी) बंद पडला, तर अगदी तसाच दुसरा गावातल्या दुकानात सहसा मिळत नाही. मुंबई, पुणे नाहीतर कोल्हापूरहून मागवावा लागतो. त्यात पावसाळ्यात घाट बंद असला, तर पार्सल कधी पोचेल याचा भरवसा नाही. म्हणून खरेदी करताना वेगापेक्षाही आधी विचारायचा प्रश्न असा: एक स्विच गेला तर उरलेल्यांवर ऑफिस चालेल का? स्टॅक होणारे स्विच घेण्यामागचं मुख्य कारण हेच असावं.

स्टॅक म्हणजे दोन-चार स्विच केबलने जोडून त्यांचा एकच मोठा स्विच करणं. पत्ता एक, सेटिंग एकदाच, आणि त्यातला मुख्य स्विच बंद पडला तर दुसरा त्याची जागा घेतो.

आधी गरज आहे का ते बघा

सगळं मिळून एकाच २४ पोर्टच्या (केबल लावायच्या खाचांच्या) स्विचवर भागत असेल, तर स्टॅकसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. साधा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच घ्या आणि वाचलेल्या पैशांत चांगला यूपीएस. एका मजल्यावर दहा आणि दुसऱ्यावर बारा टेबलं असली, तरी दोन वेगळे स्विच एका केबलने जोडून काम होतं. एकाच रॅकमध्ये चाळीस-पन्नासच्या वर पोर्ट लागणार असतील, तेव्हा स्टॅकचा विचार खरा सुरू होतो.

कागदावर मोजणी करा

आंबा प्रक्रिया करणाऱ्या एखाद्या मध्यम आकाराच्या उद्योगाचं ऑफिस धरू. ३२ टेबलं, ३ प्रिंटर, १० कॅमेरे, ४ वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट, सर्व्हरच्या २ केबल, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर आणि हजेरीचं मशीन. एकूण ५३ पोर्ट. वाढीसाठी पाचवा हिस्सा जास्त धरला की ६४ होतात.

विक्रेता इथे बहुधा एक ४८ आणि एक २४ पोर्टचा स्विच सुचवेल. माझं मत वेगळं आहे: २४ पोर्टचे तीन घ्या. पोर्ट तेवढेच, ७२. पण ४८चा स्विच गेला तर हातात २४ पोर्ट उरतात. तिनातला एक गेला तर ४८ उरतात आणि पाचेक कमी गरजेच्या जोडण्या सोडून बाकी ऑफिस चालू राहतं. पुढेमागे एक जादा स्विच कपाटात ठेवायचा झाला, तर तो २४चाच, म्हणून स्वस्त पडतो आणि तिन्हींपैकी कुठल्याही जागी बसतो.

पीओईचे वॅट मोजा

कॅमेरे आणि अ‍ॅक्सेस पॉइंट यांना नेटवर्कच्या केबलमधूनच वीज मिळते, यालाच पीओई म्हणतात. ८०२.३एएफ या मानकात स्विच एका पोर्टवर १५.४ वॅटपर्यंत देतो, ८०२.३एटीमध्ये ३० वॅटपर्यंत. पण सगळ्या पोर्टना मिळून किती, हा आकडा वेगळा असतो आणि फसगत तिथेच होते. २४ पोर्टच्या पीओई स्विचवर १९५ किंवा ३७० वॅट असे आकडे दिसतील.

कॅमेरा रात्रीच्या दिव्यांसकट १२ वॅट आणि अ‍ॅक्सेस पॉइंट २० वॅट धरला, तर वरच्या ऑफिसला १२० अधिक ८०, म्हणजे २०० वॅट लागतील. तिनांपैकी दोन स्विच १९५ वॅटचे पीओई आणि तिसरा साधा घ्या. कॅमेरे आणि अ‍ॅक्सेस पॉइंट दोन्हींत निम्मे-निम्मे वाटले की प्रत्येकावर १०० वॅट येतात. एक बंद पडला तर दुसरा जवळपास सगळा भार घेतो, फार तर एक कॅमेरा सोडावा लागेल. जादा ठेवायचा स्विच मात्र पीओईचाच असावा. तो साध्याच्या जागीही चालतो, उलट चालत नाही.

‘स्टॅकेबल’ शब्दावर विश्वास ठेवू नका, डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) वाचा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या.

बाजारात दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दाखाली विकल्या जातात. खऱ्या स्टॅकमध्ये सगळे स्विच मिळून एक होतात, त्यामुळे सर्व्हरच्या दोन केबल दोन वेगळ्या स्विचमध्ये लावून त्यांची एकच जोडणी करता येते. एक स्विच गेला तरी सर्व्हर तुटत नाही. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक स्विच स्वतंत्रच राहतो, फक्त एका स्क्रीनवरून सगळे दिसतात. डेटाशीटवर ‘व्हर्च्युअल स्टॅकिंग’ किंवा ‘सिंगल आयपी मॅनेजमेंट’ लिहिलं असेल, तर बहुधा हा दुसरा प्रकार. युनिफाय या ब्रँडच्या बहुतेक स्विचचंही असंच आहे: कंट्रोलर नावाच्या सॉफ्टवेअरवरून सगळे एकत्र सांभाळता येतात, पण तो स्टॅक नव्हे. छोट्या ऑफिसला एवढं पुरतही असेल, फक्त स्टॅकचे पैसे देऊन ते घेऊ नका.

मग जोडणी कशाने होते ते बघा. अरुबा २९३०एफसारख्या स्विचमध्ये समोरचे अपलिंक पोर्टच (एरवी दुसऱ्या स्विचकडे किंवा बाहेर जोडायचे) स्टॅकसाठी वापरतात, वेगळं मॉड्यूल लागत नाही. त्याचा तोटा म्हणजे ते पोर्ट खर्ची पडतात. अशा चार एसएफपी प्लस (१० गिगाबिटच्या) पोर्टपैकी दोन स्टॅकला गेले, तर बाहेर जायला दोनच उरतात. सिस्कोच्या २९६०-एक्सला मागच्या बाजूला फ्लेक्सस्टॅक-प्लस मॉड्यूल लागतं, ते आणि त्याची केबल वेगळी विकत घ्यावी लागते. हे मॉडेल सेकंडहँड बाजारात भरपूर दिसतं आणि किंमत मोहात पाडणारी असते. त्यात नावाच्या शेवटी ‘एलएल’ असलेले लॅन लाइट स्विच स्टॅक होतच नाहीत. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.

तिसरी बाब मालिकेची. स्टॅक साधारणपणे एकाच मालिकेतल्या स्विचचा होतो. आज दोन घेऊन चार वर्षांनी तिसरा घेऊ म्हटलं, तर ती मालिका बंद झालेली असू शकते. बजेट ताणून तिन्ही एकदम घेणं शहाणपणाचं.

स्टॅकची ८० किंवा १६० गिगाबिट क्षमता बघून मात्र पैसे मोजू नका. दहा कॅमेरे प्रत्येकी ४ मेगाबिट धरले तरी ४०च होतात.

कोटेशन पूर्ण मागवा

स्विच, स्टॅकच्या केबल (तीन स्विच गोलाकार, म्हणजे रिंगमध्ये, जोडायला तीन), मॉड्यूल, क्लाउडचं वार्षिक लायसन्स लागत असेल तर ते, आणि १८ टक्के जीएसटी. वॉरंटीत बदली स्विच आधी पाठवतात की बिघडलेला पोचल्यावर, हे लेखी घ्या.

वीज, खारी हवा आणि पाणी

२२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचं जे होतं ते गेलं. पूररेषेजवळ ऑफिस असेल तर रॅक वरच्या मजल्यावरच हवा. पावसाचा झोत ज्या भिंतीवर येतो ती टाळा, तिथे ओल झिरपते. एसीच्या खालीही नको.

पंखा असलेला स्विच समुद्राकडची दमट, खारी हवा सतत आत ओढतो. तुमच्या वॅटमध्ये बिनपंख्याचं मॉडेल मिळत असेल तर ते घ्या, रिकाम्या पोर्टना रबरी टोप्या लावा.

जांभ्याच्या कातळावर अर्थिंग चांगलं लागणं कठीण. इलेक्ट्रिशियनकडून ते मोजून घ्या आणि रॅक त्याला जोडा. कंपाउंडमधल्या दुसऱ्या इमारतीकडे तांब्याची केबल न टाकता फायबर टाका. वीज पडली तर झटका त्यातून आत येत नाही. वरच्या उदाहरणात तीन स्विच मिळून ३०० वॅटच्या आसपास घेतील. १ केव्हीएचा यूपीएस हा भार उचलतो, पण आतल्या छोट्या बॅटऱ्या अर्धा तासही धड टिकत नाहीत. बाहेरून मोठ्या बॅटऱ्या लावता येतील असा घ्या.

रॅकमध्ये चढवण्याआधी

तिन्ही टेबलावर मांडा. फर्मवेअरची (स्विचच्या आतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती एकच करा. वीज बंद ठेवूनच स्टॅकच्या केबल लावा, शेवटच्या स्विचवरून पहिल्यावर परत केबल आणून रिंग पुरी करा. मुख्य कोण आणि त्याच्यामागे कोण, हे प्रायॉरिटी देऊन ठरवा. कॅमेऱ्यांना वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवरचं वेगळं केलेलं नेटवर्क) द्या. सेटिंगची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन कपाटातल्या जादा स्विचच्या खोक्यात ठेवा.

मग एका लॅपटॉपवरून सर्व्हरला पिंग (जोडणी चालू आहे का ते सतत तपासणारी आज्ञा) चालू ठेवून आधी रिंगची एक केबल काढा, ती परत लावून झाल्यावर मुख्य स्विचची वीज काढा. लॅपटॉप अर्थातच दुसऱ्या स्विचला जोडलेला हवा. काही सेकंदांत पिंग पूर्ववत झालं तर स्टॅक नीट बसला. नाही झालं तर परत करण्याची मुदत संपायच्या आत विक्रेत्याला फोन करा. हे सगळं मे महिन्यातच उरका.