कांद्यावरून वाद घालण्याआधी

माझं माहेर नाशिकच्या कांदापट्ट्यातलं, चांदवड तालुक्यातलं; सासर पुण्यातलं. कांदा महागला की जाऊबाई म्हणतात, "निर्यात बंद करा." भाऊ म्हणतो, "शेतकऱ्याला चार पैसे मिळाले की तुमच्या पोटात दुखतं." दोघांनाही माझं एकच सांगणं, आधी कागद-पेन घ्या.

पहिला आकडा घरचा. आमच्या चौघांना महिन्याला ५ किलो लागतो. भाव ३० वरून ६० वर गेला तर १५० रुपये जास्त. तेवढ्यात चौघांचा पिझ्झाही येत नाही. पण धुणंभांडी करणाऱ्या मावशींना हेच १५० जड जातात, म्हणून त्यांची ओळ वेगळी लिहा.

दुसरा आकडा शेतकऱ्याचा. ५० क्विंटल माल आणि क्विंटलमागे १००० रुपयांनी पडलेला भाव, म्हणजे ५० हजार गेले.

मग कॅलेंडर बघा. हे शहरात कुणी बघतच नाही. उन्हाळ कांदा मार्च ते मेमध्ये निघतो आणि कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-सहा महिने टिकतो. लाल कांदा टिकत नाही, काढला की मार्केटला न्यावाच लागतो. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा नेमकी लाल कांद्याची आवक होती. भाव पडला म्हणून ट्रॅक्टर घरी परत नेऊन तो माणूस करणार काय? ३१ मार्चपर्यंत म्हणून लावलेली बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून स्वस्तात बाहेर विकायचा नाही) आणि ४० टक्के निर्यात शुल्क ठेवून. तोवर उन्हाळ कांदाही मार्केटला आला होता.

पुढची पायरी म्हणजे 'मग पुढे काय?' असं विचारत राहणं. २०१९, २०२०, २०२३ अशा तीन वेळा दार लावल्यावर परदेशी गिऱ्हाईक दुसरा विकणारा बघून ठेवणारच. इकडे भावात मार खाल्लेला शेतकरी पुढच्या हंगामात लागवड कमी करतो आणि जाऊबाईंचा कांदा पुन्हा महागतो.

साठेबाजाला शिव्या घालण्याआधीही हिशेब करा. समजा १५०० रुपये क्विंटलने घेतलेल्या मालातला एक-तृतीयांश सडून, सुकून गेला. उरलेला क्विंटल २२५० ला पडला, व्याज-मजुरी वेगळीच. मे महिन्यात कुणी साठवलाच नाही तर सप्टेंबरात खाणार काय? लिलावात मोजकेच व्यापारी असतील आणि ते संगनमताने बोली दाबत असतील, तर मात्र खुशाल ओरडा. ती साठवण नव्हे, लूट आहे.

राहिल्या मावशी. भाव चढेल तेवढे महिने त्यांच्या खात्यात १५० रुपये टाका, असं माझं मत. भाऊ लगेच विचारतो, "हे पैसे कुठून आणणार?" करातून. बंदीत हा भार एकट्या कांदेवाल्यावर पडतो, करातून दिला तर जाऊबाईंवर आणि माझ्यावरही पडेल.