केंद्रीय विद्यालयात पहिलीचा प्रवेश : बदल्यांचा दाखला आधीच काढा

नागपुरात अजनी, वायुसेनानगर, कामठी अशा केंद्रीय विद्यालयांत पाल्याला घालायचं असेल, तर फॉर्म निघायची वाट बघू नका. पहिला प्राधान्यक्रम केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना, पण त्या गटातही गर्दी असतेच. तिथे गेल्या 7 वर्षांतल्या बदल्यांची संख्या बघतात; जितक्या बदल्या जास्त, तितका नंबर वर. त्यामुळे खरी किल्ली सेवा दाखल्यात, म्हणजे कार्यालयाने सही-शिक्क्यानिशी दिलेल्या नोकरी आणि बदल्यांच्या दाखल्यात आहे.

तो विहित नमुन्यातच हवा. माझ्या भावाच्या दाखल्यावर शिक्का सहीवरच उमटला, सही वाचता येईना. साहेब दौऱ्यावर, आणि मुदतीचे चार दिवस उरलेले. वहिनीचा जीव नुसता टांगणीला! म्हणून प्रत्येक बदलीचा आदेश, कार्यमुक्त झाल्याची आणि रुजू झाल्याची तारीख आत्ताच एका फाईलीत लावा. जवळच्या ठिकाणी किंवा थोड्या महिन्यांसाठी झालेली बदली धरली जाईलच असं नाही, त्या वर्षीची नियमावली नीट वाचा.

वय 31 मार्चला 6 वर्षं पूर्ण हवं. राज्य सरकारी नोकरी असेल तर तिसरा क्रम; तरीही नोंदणी जरूर करा.