सोळा घरांत केरवा: स्टेप सिक्वेन्सरवर ठेका बसवताना

स्टेप सिक्वेन्सर म्हणजे संगणकावरची सोळा घरांची ओळ; ज्या घरात खूण कराल तिथे आवाज वाजतो. तो शिकवताना सहसा पहिला धडा ठरलेला असतो: किक (ड्रमचा जाड ठोका) १, ५, ९, १३ व्या घरात, स्नेअर (कडक ठोका) ५ आणि १३ वर. डान्सच्या बीटला ते ठीक आहे. पण नागपुरात १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी किंवा गणपतीसाठी गाणं करायला बसलात, तर पहिली गरज लागते केरवा या तबल्याच्या ठेक्याची. तो या घरांत चांगला बसतो, फक्त आधी बोल, म्हणजे तबल्याची अक्षरं, तोंडाने म्हणायचे आणि मगच माउसला हात लावायचा.

आधी हिशोब. ६०,००० ला बीपीएमने (मिनिटाला किती ठोके) भागा, मग ४ ने. एका घराची लांबी मिलिसेकंदांत मिळते. १०० बीपीएमला एक घर १५० मिलिसेकंदांचं. केरवा ८ मात्रांचा, म्हणून एका मात्रेला दोन घरं द्या: मात्रा ३०० मिलिसेकंद, आवर्तन (ठेक्याची एक पूर्ण फेरी) २.४ सेकंद.

धा गे ना ती । ना के धी ना. हे बोल १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५ या घरांत येतात. पण एका बोलाला एक सॅम्पल (ध्वनिमुद्रित आवाज) लावू नका. चाटी (उजव्या हाताचा तबला) आणि डग्गा (डाव्या हाताचा) यांच्या ओळी वेगळ्या ठेवा. ‘धा’ म्हणजे ‘ना’ आणि खुला डग्गा एकत्र, ‘धी’ म्हणजे ‘ती’ आणि खुला डग्गा एकत्र:

चाटीचा ‘ना’: १, ५, ९, १५
चाटीचा ‘ती’: ७, १३
खुला डग्गा: १, ३, १३
बंद डग्गा, म्हणजे ‘के’: ११

५ ते ११ या पट्ट्यात खुला डग्गा कुठेच नाही, हे नीट पाहा. ठेका ओळखू येतो तो या मोकळ्या जागेमुळे. तिथे ‘भरल्यासारखं वाटावं’ म्हणून किक टाकली की केरवा गेला.

डग्ग्याची घुमक लांब असते. पुढचा ठोका आला तरी आधीचा वाजत राहतो आणि खालचा भाग चिखलासारखा होतो. खऱ्या डग्ग्यावर ‘के’ मारताना पंजा पुडीवर (वरच्या कातड्यावर) बसतो, घुमक तिथेच थांबते. सॅम्पलला हे आपोआप कळत नाही. एफएल स्टुडिओ या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये चॅनलच्या सेटिंगमध्ये ‘कट’ आणि ‘कट बाय’ असे आकडे आहेत. खुला आणि बंद डग्गा दोन्हींना दोन्हीकडे एकच आकडा द्या, म्हणजे एक वाजला की दुसरा थांबतो. मोफत मिळणाऱ्या हायड्रोजन या ड्रमच्या सॉफ्टवेअरमध्ये यालाच ‘म्यूट ग्रुप’ म्हणतात.

सगळी घरं एकाच जोराने वाजली तर शिवणयंत्र चालल्यासारखं ऐकू येतं. व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, ० ते १२७ असते. समेच्या (पहिल्या मात्रेच्या) ‘धा’ला ११५, ‘धी’ला १००, ‘ना’ला ८५ च्या आसपास आणि ‘के’ला ६० पासून सुरुवात करा. नंतर कानाने ठरवा.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती गोष्ट: स्विंग, म्हणजे ठेक्याला झोका देणारी सोय. स्विंगचं बटण फिरवूनही ठेक्यात काहीच फरक पडत नाही, अशी तक्रार असते. कारण साधं आहे. स्विंग फक्त सम आकड्यांची घरं (२, ४, ६…) उशिरा वाजवतो, आणि आपले सगळे बोल विषम घरांत आहेत. हाय-हॅट (ड्रमची छोटी झांज) सोळाही घरांत असेल तर एकटी तीच झुलेल आणि तबल्याशी भांडेल. म्हणून स्विंग शून्यावर ठेवा आणि दुसरी, चौथी, सहावी, आठवी मात्रा, म्हणजे ३, ७, ११, १५ ही घरं, स्वतः किंचित मागे सरकवा: एफएल स्टुडिओच्या ग्राफ एडिटरमध्ये ‘शिफ्ट’, हायड्रोजनमध्ये ‘लॅग’. २० मिलिसेकंदांपासून सुरू करा. फार सरकवलं की ठेका लंगडतो.

चौथ्या आवर्तनात उठाव हवा असेल तर पॅटर्नची प्रत काढा, १३ पासूनची घरं रिकामी करा आणि १३, १४, १५, १६ वर ‘तिरकिट’ ठेवा. ‘कि’ बंद डग्ग्याचा, बाकी तीन चाटीचे.

दादरा करायचा असेल तर पॅटर्नची लांबी आधी १२ करा. ६ मात्रांचा ठेका १६ घरांत टाकला तर प्रत्येक फेरीनंतर चार घरांची ठेच लागते. आणि एक ओळ १२ ची, दुसरी १६ ची राहिली तर दोघींची सम थेट ४८ घरांनंतर जुळते. प्रोजेक्टचं टाइम सिग्नेचरही ६/८ करा.

एप्रिल-मेमध्ये मध्येच कर्रकर्र आवाज आला तर पॅटर्नवर शंका घेण्याआधी लॅपटॉपला हात लावून पाहा. नागपूरच्या उन्हाळ्यात प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि ऑडिओ तुटतो. ऑडिओ सेटिंगमधला बफर (आवाज आधी साठवून ठेवण्याची जागा) १०२४ सॅम्पल करा; इथे सॅम्पल म्हणजे आवाजाचा एक सूक्ष्म तुकडा. ४४,१०० हर्ट्झला त्याने सुमारे २३ मिलिसेकंद उशीर होतो. माउसने घरं भरताना तो जाणवत नाही.

लूप बाहेर काढताना वेव्ह फाइल करा, एमपी३ नको. एमपी३च्या सुरुवातीला आणि शेवटी बारीकशी शांतता जोडली जाते आणि जोडावर अडखळतं. एफएल स्टुडिओत ‘रॅप रिमेंडर’ निवडा, म्हणजे शेवटच्या डग्ग्याची घुमक लूपच्या सुरुवातीला येऊन मिळते. मग फाइलची लांबी तपासा. १०० बीपीएमला चार आवर्तनं बरोबर ९.६ सेकंदांची हवीत.