फावड्यावर चैत्रांगण

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते आणि लग्नसराईत मेंदी काढते. आमच्याकडे गच्चीचं काम चालू होतं तेव्हा भाची मोबाइलवर एका बेल्जियन कलाकाराची कामं दाखवत होती. विम डेल्व्हॉय, जन्म १९६५ चा. यानं गॅसच्या सिलिंडरवर हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या भांड्यांवर असते तशी निळी नक्षी रंगवली, फावड्यांवर सरदार घराण्यांची चिन्हं काढली आणि इंडोनेशियातल्या कारागिरांकडून अख्खा काँक्रीट मिक्सर सागवानात कोरून घेतला. मी म्हटलं, यात नवल ते काय? खंडेनवमीला आपण पान्या-हातोडीला हळदकुंकू लावतोच की! भाची म्हणाली, "मग काढून दाखव." खाली कडियाचा, म्हणजे गवंड्याचा, जुना पावडो (आपलं फावडं) पडलेला होता. त्याचे पन्नास रुपये त्यानं हसत हसत घेतले.

तुम्हाला करायचं असेल तर आधी वस्तू निवडा. ती रोजच्या राबत्यातली, जड आणि कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही अशी हवी. फावडं, घमेलं, पहार, टायर. माठ किंवा सूप नको, त्यांच्यावर नक्षी शोभतेच, मग गंमत काय राहिली? आणि डेल्व्हॉयचं बघून घरच्या सिलिंडरला हात लावू नका. तो आपला नसतो, कंपनीचा असतो.

मग नक्षी. ती तुमच्या हातातली हवी, मोबाइलवरून उतरवलेली नको. मला आजीनं शिकवलं ते चैत्रांगण येतं: चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर झोपाळ्यावर बसते तेव्हा दारात काढायचं. त्यात शंख-चक्र-गदा-पद्म असतात, सूर्य-चंद्र, तुळस, कासव, नाग, अंबारीचा हत्ती असतात आणि त्यांच्याच पंगतीत फणी, आरसा, कुंकवाचा करंडाही. फणीला जागा आहे, तर फावड्याला का नसावी?

आता काम. पातं आधी तारेच्या ब्रशनं घासा, सिमेंटची खपली निघेपर्यंत. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर २२० चा. सोड्याच्या पाण्यानं धुवा, लगेच पुसा, उन्हात ठेवा आणि शेवटी थिनरचा बोळा फिरवा. हा बोळा मी पहिल्या वेळी टाळला. चार दिवसांनी घमेल्यावरची अख्खी गौर पापुद्र्यासारखी उचलून आली, झोपाळ्यासकट. तेलाचा हात लागलेला होता, दुसरं काही नाही.

त्यावर रेड ऑक्साइडचा प्रायमर, दोन पातळ हात. हार्डवेअरवाला वर लावायला ऑइलपेंट देऊ करील, घेऊ नका. रेड ऑक्साइड म्हणजे लोहाचा गंज आणि गेरूचा लाल रंगही लोहाच्या गंजाचाच. प्रायमर सुकला की समोर सारवून गेरू दिलेलं अंगण तयार! शिवाय तो खरबरीत राहतो, पुढचा रंग धरून ठेवतो. पूर्ण एक दिवस सुकू द्या, मग नखानं खरवडून बघा.

रेषेसाठी ब्रश मला चालला नाही. ब्रशची रेष सुरुवातीला जाड, शेवटी बारीक होते. रांगोळीची रेष चिमटीतून सारखी पडते. म्हणून मेंदीचा कोन घेतला, त्यात पांढरा ॲक्रिलिक भरला. रंग पातळ असेल तर ताटलीत अर्धा तास उघडा ठेवा, साईसारखा झाला की भरा. टोक कात्रीनं कापू नका, टाचणीनं भोक पाडा. ही रेष टेकवायची नाही: टोक पात्यापासून गव्हाच्या दाण्याएवढं वर धरायचं आणि दोरा सोडल्यासारखं सोडत जायचं. आधी स्टीलच्या ताटलीवर सराव करा, पुसता येतो.

मांडणी वस्तूला विचारून करा. दांडा जिथे पात्यात शिरतो त्याच्या लगेच खाली मी गौरीचा झोपाळा टांगला, त्यामुळे दांडाच झोपाळ्याची कडी झाला. धारेकडच्या कडेला गोपद्मं, कारण जमिनीला टेकते ती तीच कड. पात्याला पडलेली खोच लांबी (पुट्टी) भरून बुजवली नाही, कासव तिच्यातून बाहेर येताना काढलं.

दांड्याची एक चूक सांगते. बडोद्याजवळच्या संखेडा गावचं लाकडावरचं लाखकाम मला फार आवडतं. तिथलं सोनं म्हणजे खरं तर लाखेखालून चमकणारं कथिल. मी दांड्यावर तसाच मरून-सोनेरी प्रकार रंगवला. वर संखेडा, खाली चैत्रांगण: फावडं गेलं आणि हस्तकलेचं दुकान झालं! दोन संध्याकाळी खरवडून दांडा पुन्हा उघडा केला. कडियाच्या घामानं काळा झालेला भाग आता तसाच आहे आणि तो नसता तर पात्यावरची नक्षी नुसती सजावट झाली असती. हात लागतो तिथे रंग लावू नका.

फ्रेम करू नका, खिळ्यावर टांगू नका. दाराशी टेकवून ठेवा, काम संपवून कुणी आत पाणी प्यायला गेल्यासारखं.

पाण्यात मिसळणाऱ्या वॉर्निशचे दोन हात मारायचे असतात. ते मी पुढे ढकललं आणि चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. कैरीची डाळ वाटेपर्यंत शेजारच्या आजींनी कुणाला न विचारता फावड्यालाही हळदकुंकू लावलं. कुंकू ओल्या फडक्यानं गेलं. गौरीच्या डाव्या खांद्यावर हळद आहे ती आहेच. वॉर्निश आधी मारा.