शहरांच्या ऊर्जेचा हिशेब शिकताना

या कामात नव्याने आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, ‘वीज नीट कोण वापरतं, नागपूर की पुणे?’ मी त्यांना आधी हद्द ठरवायला बसवतो.

महापालिकेची हद्द आणि महावितरणची मंडलं (म्हणजे वीज कंपनीने कारभारासाठी पाडलेले विभाग) जुळत नाहीत. गणेशखिंड मंडलात शिवाजीनगर, कोथरूडसोबत पिंपरी-भोसरीही येतात. मंडलाचा आकडा तसाच उचललात तर भोसरीतल्या कारखान्यांची वीज पुणेकरांच्या नावावर चढते. म्हणून उपविभागवार आणि ग्राहकवर्गवार आकडेच मागा. मुंबईत तर बेस्ट, अदानी, टाटा आणि मुलुंड-भांडुपसाठी महावितरण, अशी चार दारं ठोठवावी लागतात.

मग सगळं इंधन एका मापात, म्हणजे विजेच्या युनिटात आणायचं. १४.२ किलोचा सिलिंडर म्हणजे साधारण १८० युनिट, लिटरभर डिझेल म्हणजे दहाएक.

खरी कसोटी भागाकाराची. जनगणना २०११ची, पण पुण्याच्या हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं आली. वर या गावांची वीज आणि खाली जुनी लोकसंख्या असेल, तर दरडोई वापर कागदावरच फुगतो. शिवाय नागपूरचा मे महिना पुण्याला लावता येत नाही. उन्हाचा हिशेब न धरता लावलेली क्रमवारी मला अन्यायाची वाटते. त्यापेक्षा शहराची तुलना आधी त्याच्याच मागच्या वर्षांशी करावी.

हात बसवायला पाणीपुरवठ्याचं पंपिंग स्टेशन घ्या. वीज आणि पाणी दोन्ही तिथे मोजलेलं मिळतं. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला, काहीच वाया गेलं नाही तरी ०.२७ युनिट लागतं. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६५-७० टक्के धरली, की ०.४ युनिट. या उंचीला ०.६ दिसलं तर पंपाजवळ जाऊन उभे राहा: इम्पेलर (पाणी ढकलणारं पंपातलं फिरतं चाक) झिजलाय का, व्हॉल्व्ह अर्धवट बंद ठेवून पंप चालवतात का, हे ऑपरेटरला विचारा. त्याला बहुधा ठाऊक असतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं. उंची मात्र प्रत्येक ठिकाणची वेगळी, ती आधी भागून घ्या. नाहीतर धरणाचं पाणी उताराने मिळणारं शहर उगाच हुशार ठरतं.

बिलं सलग बारा महिन्यांची घ्या, आणि फ्लोमीटरची, म्हणजे पाणी मोजणाऱ्या मीटरची नोंद बिलावरच्या रीडिंगच्या तारखांशी जुळवूनच घ्या.