ढोबळीची रात्र सांभाळा

पुण्याची थंडी ढोबळी मिरचीचं झाड सहसा मारत नाही, पण तिला फळ धरू देत नाही. दुपारी २८-३० अंश आणि पहाटे १० च्या आसपास, हे तिला मानवत नाही. रात्रीचा पारा १५ च्या खाली राहू लागला की परागकण कमजोर होतात. मग फूल देठापाशी पिवळं पडून गळतं, नाहीतर बटणाएवढं चपटं फळ धरतं. ते कापून बघा, आत बी जवळपास नसतंच. असं फळ वाढत नाही, काढून टाका.

म्हणून दिवाळीच्या सुमारास कुंड्या आत घ्या. पाषाण, हवेलीकडे राहत असाल तर आठवडाभर आधीच. तिथे कोरेगाव पार्क, मगरपट्ट्यापेक्षा जास्त गारठा पडतो. जागा दक्षिणेच्या खिडकीची द्या. या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असल्याने ऊन तिथून खोलवर येतं, आणि ढोबळीला निदान सहा तास ऊन हवंच.

खरी काळजी रात्रीची. मावळ, जुन्नरकडचे पॉलिहाऊसवाले ऊन उतरायच्या आत बाजूचे पडदे खाली सोडतात, दिवसाची ऊब आत राहावी म्हणून. घरातही तेच करा: साडेचार-पाचला खिडकी लावा, सकाळी नऊला उघडा. दिवसभर बंद ठेवू नका, दमट हवेत भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते. कुंडी गार फरशीवर न ठेवता फळीवर ठेवा. पानं काचेला टेकू देऊ नका. रात्री काच आणि झाड यांच्यामध्ये पडदा ओढा.

पाणी सकाळी उन्हं आल्यावर, तेही बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच. मी एकदा जानेवारीत भल्या पहाटे टाकीचं गार पाणी भरपूर घातलं. माती चिंब होती, तरी झाड दोन दिवस तहानल्यासारखं मान टाकून होतं. गारठलेल्या मुळांना पाणी ओढताच येत नाही. तेव्हापासून पाणी बादलीत काढून रात्रभर घरात ठेवते.

आत वारा नसतो, म्हणून सकाळी दहा-अकराला फुलांच्या फांद्यांना हलकी टिचकी मारा. परागकण त्याच फुलात झडतात, तेवढं पुरतं. युरिया टाळा, नुसता पाला माजतो. मूठभर गांडूळखत महिन्यातून एकदा बास.

पानाच्या कडा वर वळून होडी झाली तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी, म्हणजे माइट ही बारीक कीड. फुलकिड्यांवर आणि माव्यावर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, थोडं साबणपाणी मिसळून, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. कोळ्यांनी आकसलेले शेंडे मात्र आधी खुडून घराबाहेर टाका.

फळ हिरवं, टणक, पूर्ण भरलं की कात्रीने देठासकट कापा. ओढलंत तर फांदी मोडते. लाल होईपर्यंत ठेवलं तर आणखी तीन-चार आठवडे जातात आणि तोवर झाड नवी फुलं कमी धरतं. डिसेंबर-जानेवारीत मी एका झाडावर एकच फळ लाल होऊ देते, बाकी हिरवीच उतरवते.