हृदयपेशीचं ॲक्शन पोटेन्शियल पाठ करू नका, कागदावर काढा

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी फिजिऑलॉजी शिकवते. ॲक्शन पोटेन्शियल म्हणजे एका ठोक्यात पेशीच्या पडद्यावरचं व्होल्टेज कसं चढतं-उतरतं त्याचा आलेख, आणि त्याचे टप्पे म्हणजे फेज. वायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, ‘फेज २ सांग’ म्हटलं की बहुतेक जण धडाधड सांगतात, कॅल्शियम आत, पोटॅशियम बाहेर. ‘मग एवढा वेळ व्होल्टेज एका जागी का थांबतं?’ असं विचारलं की शांतता. हा आलेख नीट कळायचा असेल तर तो एकदा स्वतःच्या हाताने, मोजमाप घेऊन काढावा लागतो.

साधा ग्राफ पेपर घ्या. उभ्या अक्षावर १ सेंमी म्हणजे २० मिलिव्होल्ट धरा. खाली उणे १००, वर अधिक १४०. आडव्या अक्षावर १ सेंमी म्हणजे ५० मिलिसेकंद, ४०० पर्यंत. लगेच वक्र काढायला जाऊ नका. आधी पेन्सिलने तीन हलक्या आडव्या रेषा मारा, एकेका आयनच्या (भारित अणूच्या) समतोल व्होल्टेजच्या. पोटॅशियम बाहेर ४ आणि आत सुमारे १४० मिलिमोल, म्हणून त्याची रेषा उणे ९५ वर. सोडियम बाहेर १४५, आत १०, त्याची रेषा अधिक ७० च्या आसपास. मुक्त कॅल्शियम बाहेर १.२, आत त्याच्या दहा-बारा हजार पट कमी. त्याची रेषा थेट अधिक १२५ वर. आकडे माझ्याकडून घेऊ नका, नर्न्स्टच्या समीकरणाने स्वतः काढा: बाहेरच्या प्रमाणाला आतल्याने भागा, लॉग घ्या, ६१.५ ने गुणा. कॅल्शियमवर दोन भार आहेत, म्हणून त्याचं उत्तर निम्मं करा.

आता नियम एकच. ज्या आयनची चॅनेल्स (पडद्यातली त्याची दारं) त्या क्षणी जास्त उघडी, त्याच्या रेषेकडे व्होल्टेज ओढलं जातं.

व्हेंट्रिकलची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) पेशी विश्रांतीत असताना पोटॅशियमची आयके-वन चॅनेल्स उघडी असतात, म्हणून वक्र उणे ९० जवळ, पोटॅशियमच्या रेषेला जवळजवळ चिकटून सुरू करा. शेजारच्या पेशीतून, दोघींना जोडणाऱ्या गॅप जंक्शनमधून करंट आला, व्होल्टेज उणे ६५-७० पर्यंत चढलं, की सोडियम चॅनेल्स धडाधड उघडतात. इथे पट्टी धरून सरळ उभी रेघ मारा. मुलं ती तिरकी काढतात आणि मी तिथेच थांबवते, कारण ही चढण एक-दोन मिलिसेकंदांत संपते. तुमच्या कागदावर ते अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. रेघ अधिक ३० च्या आसपास थांबवा. सोडियमच्या रेषेपर्यंत ती पोचत नाही, कारण तोवर ही चॅनेल्स इनॲक्टिव्हेट (आपोआप बंद) व्हायला लागलेली असतात. मग एक छोटी खाच खाली: थोडा वेळ उघडणारं पोटॅशियमचं आयटीओ चॅनेल.

आता फेज २. कागदावरचे पुढचे चार सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २०० मिलिसेकंद, शून्याच्या थोडं वर, अगदी सावकाश उतरणारी रेघ. हेच पठार. एल-टाइप कॅल्शियम चॅनेल्स वर ओढतायत, पोटॅशियमची चॅनेल्स खाली, दोन तुल्यबळ संघांची रस्सीखेच. पण खरी गंमत पुढे आहे. विश्रांतीत उघडं असलेलं आयके-वन या काळात जवळपास बंद असतं. व्होल्टेज वर गेलं की पेशीतलेच मॅग्नेशियम आणि स्पर्मिनसारखे रेणू त्याच्या तोंडात जाऊन अडकतात. पोटॅशियमची ही मोठी वाट बंद झाल्यामुळे कॅल्शियमचा एवढासा करंटही व्होल्टेज धरून ठेवू शकतो. हे चॅनेल उघडं राहिलं असतं तर पठार टिकलंच नसतं, आणि हृदय नीट आकुंचन पावण्याइतका वेळच मिळाला नसता. मला फिजिऑलॉजीतली ही सर्वांत देखणी रचना वाटते. पठाराखाली बारीक अक्षरात लिहून ठेवा: याच काळात आत आलेलं कॅल्शियम पेशीतल्या साठ्याचं दार, म्हणजे रायनोडिन रिसेप्टर, उघडून साठ्यातलं आणखी कॅल्शियम बाहेर काढतं, आणि आकुंचन त्यातून होतं.

उतार फेज ३ चा, म्हणजेच रिपोलरायझेशन. कॅल्शियम चॅनेल्स बंद होत जातात, आयकेआर आणि आयकेएस ही पोटॅशियमची चॅनेल्स जोर धरतात, शेवटी आयके-वन मोकळं होऊन व्होल्टेज उणे ९० ला आणून ठेवतं. इथे ‘सोडियम-पोटॅशियम पंप पोटॅशियम आत घेतो म्हणून रिपोलरायझेशन होतं’ असं लिहू नका. पोटॅशियम बाहेर जातं, चॅनेल्समधून जातं, म्हणून होतं. एका ठोक्यात सोडियम-पोटॅशियम इतकं थोडं हलतं की आतबाहेरचं प्रमाण फारसं बदलत नाही. पंपाचं काम दीर्घकाळाचं आहे.

आलेख झाला की खोडरबर घ्या. हे केल्याशिवाय अभ्यास पुरा झाला असं मी मानत नाही.

आयकेआर अर्धं बंद करा. उतार उजवीकडे सरकेल, ईसीजीवर क्यूटी (व्हेंट्रिकल उत्तेजित होऊन पूर्ववत होईपर्यंतचा वेळ) लांबेल. एरिथ्रोमायसिन, हॅलोपेरिडॉल या औषधांबाबत सावध राहायचं ते यासाठीच. २०२० मध्ये कोविडच्या वॉर्डात हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि ॲझिथ्रोमायसिन एकत्र देताना क्यूटी मोजायला सांगत होते, ते याच उतारासाठी. पठार लांबलं की काही कॅल्शियम चॅनेल्स पुन्हा उघडायला सज्ज होतात आणि उतरत्या रेघेवर मध्येच उंचवटा येतो, तोही काढा. टॉर्साड्झची (हृदयाच्या ठोक्यांची एक घातक अनियमितता) सुरुवात तिथून होऊ शकते.

मग बाहेरचं पोटॅशियम ४ ऐवजी ७ करा आणि त्याची रेषा नव्याने मोजा. उणे ८० येईल. विश्रांतीची पातळीच वर आल्यामुळे बरीचशी सोडियम चॅनेल्स आधीच इनॲक्टिव्हेट झालेली असतात, म्हणून चढण मंदावते आणि ईसीजीवरची मोठी टोकदार लाट, क्यूआरएस, रुंदावतो. किडनी बंद पडलेल्या रुग्णाच्या ईसीजीत हेच दिसतं.

शेवटी नवा कागद, सायनस नोडसाठी, म्हणजे ठोका सुरू करणाऱ्या पेशींसाठी. आयके-वन जवळपास काढून टाका, सुरुवात उणे ६० पासून करा, चढणीला सोडियमऐवजी कॅल्शियम द्या आणि दोन ठोक्यांच्या मध्ये, जिथे व्हेंट्रिकलची रेघ सपाट असते, तिथे आयएफ या आत येणाऱ्या करंटची तिरकी चढण काढा. आयव्हाब्रॅडिन ही गोळी हीच चढण मंद करते. तिचा उतार कमी करून पुढचा ठोका किती मिलिसेकंद लांबतो ते आडव्या अक्षावर मोजा.